बाणाची ऊर्जा मोजताना: काटा, टेप आणि वेग यांचा योग्य क्रम

धनुष्याच्या लिंबवर, म्हणजे वरच्या-खालच्या लवचीक पात्यांवर, "३६ पाउंड, २८ इंच" असं छापलेलं असतं, म्हणजे २८ इंच ओढल्यावर ३६ पाउंड जोर. या दोन आकड्यांचा गुणाकार केला आणि एककं बदलली की बाणाची ऊर्जा मिळाली, असा हिशोब रेंजवर सर्रास चालतो. त्याचं उत्तर येतं जवळपास ११४ जूल. त्याच धनुष्यातून सुटलेल्या २० ग्रॅमच्या बाणात प्रत्यक्षात २७-२८ जूल असतात. ही चूक दहा-वीस टक्क्यांची नाही, चौपटीची आहे. आणि अशाच आकड्यांवर बाणाचं वजन, बटची (बाण अडवणाऱ्या लक्ष्याच्या गठ्ठ्याची) जाडी आणि मागच्या जाळीची जागा ठरते.

चौपट होण्याची कारणं चार. ३६ पाउंड हा जोर फक्त शेवटी लागतो, सुरुवातीला तो शून्य असतो. स्ट्रिंग (दोरी) ग्रिपपासून (धनुष्याच्या मुठीपासून) नाही, ब्रेस हाइटपासून, म्हणजे न ओढलेली असताना ती जिथे असते तिथून, मागे येते. छापील २८ इंचांत १.७५ इंच मापनाच्या नियमाचे मिळवलेले असतात. शिवाय धनुष्यात साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही, काही भाग लिंब आणि स्ट्रिंगमध्येच राहतो.

खालची पद्धत रिकर्व्हसाठी, म्हणजे टोकं वळलेल्या धनुष्यासाठी आहे. कंपाउंड (चाकांच्या) आणि बांबूच्या धनुष्यासाठी काय बदलायचं ते शेवटाकडे दिलं आहे. सगळीकडे एकच उदाहरण चालवलं आहे, म्हणजे तुमचा हिशोब कुठे फसतोय ते टप्प्याटप्प्याने ताडून पाहता येईल.

## तयारी

पुढच्या वस्तू आधी जमवा. अर्धं काम झाल्यावर काटा शोधायला गेलात तर लिंब तेवढा वेळ ताणलेले राहतात.

- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, सोन्याचांदीसाठी वापरतात तसला. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा चालत नाही. २० ग्रॅमच्या बाणात १ ग्रॅम म्हणजे ५ टक्के.
- हुकचा डिजिटल लगेज काटा, ४० ते ५० किलोचा. त्याचा आकडा आपोआप गोठत असेल तर ती सोय बंद करता येते का ते विकत घेतानाच पाहा.
- स्टीलची टेप, बो स्क्वेअर (स्ट्रिंगवर अडकवायची काटकोनी पट्टी), मास्किंग टेप, बारीक मार्कर.
- क्रोनोग्राफ (बाणाचा वेग मोजणारं यंत्र). नसेल तर आवाज रेकॉर्ड करणारा मोबाइल.
- वही. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे नसतात.

लगेज काटा तपासल्याशिवाय वापरू नका. रिकामी बादली अडकवून काटा शून्यावर आणा, मग मापाने ५, १० आणि १५ लिटर पाणी ओता. काट्याने ५, १० आणि १५ किलो दाखवायला हवेत. १५ ला १५.३ दाखवत असेल तर तो २ टक्के जास्त दाखवतो, आणि तुमची साठवलेली ऊर्जाही २ टक्के जास्त येईल. दुरुस्तीचा गुणक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

## १. धनुष्य एका अवस्थेत आणा

नवी स्ट्रिंग पहिल्या काही डझन बाणांत लांबते आणि ब्रेस हाइट उतरते. म्हणून आधी ३०-४० बाण मारून घ्या आणि मगच मोजायला बसा. ब्रेस हाइट ग्रिपच्या सर्वांत खोल बिंदूपासून स्ट्रिंगपर्यंत, बो स्क्वेअरने मोजा. आपल्या उदाहरणात ६८ इंची धनुष्याची ब्रेस हाइट २२ सेंटिमीटर आहे.

स्टॅबिलायझर, डँपर, स्ट्रिंगवरची सायलेन्सरची गोंडी, सगळं नेहमी असतं तसंच ठेवा. गोंडी काढून वेग मोजायचा आणि लावून स्पर्धा खेळायची, यात मोजलेला वेग वाया जातो.

तपासा: सगळं मोजून झाल्यावर ब्रेस हाइट पुन्हा मोजा. २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला असेल तर चौथ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा.

## २. बाण तोला, पूर्ण बाण

पॉइंट (टोक), नॉक (स्ट्रिंगवर बसणारी मागची खाच), व्हेन (पिसं), रॅप (व्हेनखालची चिकटपट्टी), डिंक, पिन अशा सगळ्यासकट तोला. शाफ्टच्या (बाणाच्या दांडीच्या) डब्यावरचं "ग्रेन प्रति इंच" घेऊन बाणाची लांबी गुणायची आणि पॉइंट मिळवायचा, या हिशोबात नॉक, पिन आणि डिंक हमखास सुटतात.

बाण काट्यावर आडवा ठेवला की टोकं डुगडुगतात आणि आकडा हलतो. दोन खाचा पाडलेला कार्डबोर्ड काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि बाण त्या खाचांवर आडवा ठेवा. पंखा बंद ठेवा.

काटा ग्रेनमध्ये असेल तर १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. आपला बाण २०.० ग्रॅम, म्हणजे ३०९ ग्रेनचा आहे.

सेटमधला प्रत्येक बाण वेगळा तोला आणि शाफ्टवर क्रमांक घाला. सरासरी काढून मोकळे होऊ नका. याच उदाहरणात एखादा बाण ०.३ ग्रॅम जड असेल तर त्याचा वेग साधारण अर्धा टक्का कमी होतो. ७० मीटरवर बाण सुमारे १.४ सेकंद हवेत असतो, त्यामुळे तो बाण अंदाजे १० सेंटिमीटर खाली लागतो. १२२ सेंटिमीटरच्या फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे मध्यापासून फक्त ६.१ सेंटिमीटर. तोच शॉट, तोच रिलीज, आणि दहाऐवजी नऊ. असे बाण चुकून मिसळले की धनुर्धर आपल्या फॉर्ममध्ये दोष शोधत बसतो, आणि दोष डब्यात असतो.

## ३. खरा ड्रॉ मोजा

बाणाची लांबी म्हणजे ड्रॉ लेंग्थ (स्ट्रिंग ओढण्याचं अंतर) नव्हे. क्लिकर (पूर्ण ओढल्यावर टिक असा आवाज करणारी पट्टी) किती पुढे आहे, बाण किती बाहेर राहतो यावर बाणाची लांबी ठरते.

बटपासून ३ मीटरवर उभे राहा, न कापलेला लांब बाण लावा आणि नेहमीच्या अँकरपर्यंत, म्हणजे हात चेहऱ्यावर टेकतो तिथपर्यंत ओढा. मदतनीसाने बाजूला, पॉइंटच्या मागे उभं राहून ग्रिपच्या खोल बिंदूच्या सरळ वर बाणावर खूण करायची. मग बाण न मारता स्ट्रिंग हळू परत न्या. नॉकच्या खाचेच्या तळापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे खरा ड्रॉ. तीनदा करा. तीन खुणांत ५ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर मोजमाप थांबवा. अँकर स्थिर नसताना काढलेली ऊर्जा कुठल्याच शॉटची नसते.

उदाहरणात खरा ड्रॉ ६६ सेंटिमीटर आहे. त्यात ४.४५ सेंटिमीटर, म्हणजे १.७५ इंच मिळवले की येतात २७.७ इंच. लिंबवरचे २८ इंच याच मापात असतात. म्हणजे हा धनुर्धर छापील पाउंडेजच्या जरा अलीकडे थांबतो.

स्ट्रिंगचा प्रत्यक्ष प्रवास ६६ वजा २२, म्हणजे ४४ सेंटिमीटर. ऊर्जेच्या हिशोबात हेच अंतर धरायचं.

## ४. जोराचा तक्ता

सावधान: या टप्प्यात बाण लावलेला नसतो. हुक निसटला तर साठलेली सगळी ऊर्जा लिंबमध्येच परत जाते, आणि लिंब तडकू शकतात. डोळ्यांवर चष्मा, हुकाला पातळ रबराची नळी, आणि लिंबच्या टोकांसमोर कुणीही उभं राहायचं नाही.

भिंतीत पक्का बसवलेला किंवा जड टेबलाला शिकंज्याने आवळलेला एक लाकडी खुंटा घ्या आणि त्यावर रबर गुंडाळा. ग्रिपचा खोल भाग त्यावर टेकवून धनुष्य आडवं ठेवा, स्ट्रिंग खाली. टेपचा शून्य ग्रिपच्या खोल बिंदूशी लावून टेप उभी चिकटवा. काट्याचा हुक स्ट्रिंगच्या सर्व्हिंगवर (मधल्या गुंडाळलेल्या दोऱ्यावर), नॉकिंग पॉइंटच्या, म्हणजे बाण बसतो त्या जागी अडकवा. एकाने काट्याच्या खालच्या कडीला दोर बांधून सावकाश ओढायचं, दुसऱ्याने टेप आणि काटा वाचून लिहायचं. एकट्याने हे काम करू नका.

दर ४ सेंटिमीटरला थांबा, दोन-तीन सेकंदांत आकडा वाचा, पुढे चला.

| ग्रिपपासून स्ट्रिंग (सेंमी) | जोर (किलो) |
|---|---|
| २२ | ० |
| २६ | २.६ |
| ३० | ४.६ |
| ३४ | ६.२ |
| ३८ | ७.५ |
| ४२ | ८.७ |
| ४६ | ९.९ |
| ५० | ११.१ |
| ५४ | १२.३ |
| ५८ | १३.५ |
| ६२ | १४.७ |
| ६६ | १६.० |

सुरुवातीला जोर भराभर वाढतो आणि मग चढ जवळपास एकसारखा राहतो. रिकर्व्हच्या वळलेल्या टोकांमुळे हे होतं. शेवटच्या ४ सेंटिमीटरमध्ये जोराने एकदम उसळी मारली, तर लिंब तुमच्या ड्रॉसाठी आखूड आहेत किंवा टेप चुकीची लागली आहे.

आकडे फक्त ओढतानाचे घ्या. परत सोडताना त्याच जागी काटा थोडा कमी दाखवतो, कारण लिंबच्या आत काही ऊर्जा उष्णतेत जाते. दोन्ही प्रकारचे आकडे मिसळले की तक्ता निरुपयोगी होतो. ४२ वर थांबायचं होतं आणि हात ४२.५ पर्यंत गेला, तर मागे येऊन वाचू नका. ती फेरी सोडा आणि पुन्हा पहिल्यापासून ओढा. तीन फेऱ्यांची सरासरी घ्या.

ओढून धरून चर्चा करू नका. लिंब ताणात ठेवले की जोर हळूहळू उतरतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे भर दुपारी तापलेल्या रेंजवर हे काम करू नये, सकाळी सावलीत करावं. बंद गाडीत तापलेले लिंब तर थेट मोजायला घेऊच नका, त्यांचे थर सुटण्याची भीती असते.

## ५. साठवलेली ऊर्जा

तक्त्यातला पहिला आणि शेवटचा आकडा अर्धा धरा, मधले सगळे पूर्ण. बेरीज करा, आकड्यांमधल्या अंतराने गुणा.

मधल्या दहा आकड्यांची बेरीज ९१.१. शून्य आणि १६ यांचा अर्धा ८. एकूण ९९.१. गुणिले ४ सेंटिमीटर, म्हणजे ३९६.४ किलो-सेंटिमीटर. १०० ने भागून ३.९६४ किलो × मीटर. किलोचा न्यूटन करायला ९.८१ ने गुणा, येतात ३८.९ जूल.

या टप्प्यात चुका पुढच्या ठिकाणी होतात:

शेवटचा आकडा अर्धा न करता पूर्ण धरला तर ४२.० जूल येतात, म्हणजे ८ टक्के जास्त. ९.८१ ने गुणायला विसरलं तर ४ जूल येतात आणि चूक लगेच दिसते. पण सेंटिमीटरऐवजी इंच वापरून बाकी सूत्र तेच ठेवलं तर उत्तर १५ जूलच्या आसपास येतं, खोटं वाटत नाही, आणि तसंच पुढे जातं. इंचात मोजलं असेल तर आधी २.५४ ने गुणून सेंटिमीटर करा.

तपासा: शेवटचा जोर गुणिले प्रवास, भागिले दोन. १६ × ०.४४ × ९.८१ ÷ २ = ३४.५ जूल. हा सरळ त्रिकोणाचा हिशोब झाला. रिकर्व्हचं उत्तर याहून थोडं जास्त यायलाच हवं. इथे ते १३ टक्के जास्त आहे. कमी आलं, तर बहुतेक तुम्ही परत सोडतानाचे आकडे घेतलेत किंवा ब्रेस हाइट चुकली.

## ६. वेग

वेगाची चूक ऊर्जेत दुप्पट होते, कारण ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. वेग २ टक्के चुकला की ऊर्जा ४ टक्के चुकते. म्हणून सर्वाधिक वेळ इथे द्यावा.

क्रोनोग्राफने. बाण स्ट्रिंग सोडतो तेव्हा त्याचं टोक आधीच ग्रिपच्या पुढे असतं. ७२ सेंटिमीटरचा बाण आणि २२ ची ब्रेस हाइट असेल तर टोक ५० सेंटिमीटर पुढे. म्हणून पहिला सेन्सर ग्रिपपासून किमान १.२ मीटरवर ठेवा. ५० सेंटिमीटरच्या आत ठेवला तर स्ट्रिंगने बाण अजून सोडलेला नसतो.

यंत्र ठेवण्याआधी त्याच जागी कागद ताणलेली चौकट उभी करा आणि एक बाण मारून भोक कुठे पडतं ते पाहा. ते भोक सेन्सरच्या मध्यावर येईल असं यंत्र लावा. ही पाच मिनिटं वाचवायच्या नादात यंत्र फुटतं. बाण सेन्सरच्या रेषेशी १० अंश तिरका गेला तर वेग दीड टक्का कमी दिसतो. ट्यूबलाइटखाली आणि काही एलईडी दिव्यांखाली सेन्सर भलतेच आकडे देतात, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ते दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. बाहेर, ढगाळ उजेडात मोजणं सर्वांत सोपं.

मोबाइलने. स्ट्रिंगचा आवाज आणि बाण लागल्याचा आवाज यांतला वेळ मोजायचा. पण आवाजालाही पोहोचायला वेळ लागतो, हे विसरलं की उत्तर पार बिघडतं. ग्रिप ते बट १८.० मीटर, टोक आधीच ०.५ मीटर पुढे, म्हणजे बाणाचा प्रवास १७.५ मीटर. मोबाइल धनुर्धराशेजारी ठेवून वेळ आला ०.३८९ सेकंद. थेट भागलं तर ४५ मीटर प्रति सेकंद येतात. पण त्यातले ०.०५२ सेकंद बटवरचा आवाज परत यायला लागले (२५ अंश तापमानात आवाजाचा वेग ३४६ मीटर प्रति सेकंद). ते वजा केले की ०.३३७ सेकंद, आणि वेग ५१.९. न केलेल्या वजाबाकीने ऊर्जेत २५ टक्के घट दाखवली असती.

याहून चांगला उपाय म्हणजे मोबाइल धनुर्धर आणि बट यांच्या बरोबर मधोमध, पण नेमाच्या रेषेपासून तीन-चार मीटर बाजूला ठेवायचा. दोन्ही आवाज सारख्याच अंतरावरून येतात, उशीर दोन्हीकडे तेवढाच, वजाबाकीची गरजच उरत नाही. बटच्या तोंडावर कागद घट्ट ताणून लावा, म्हणजे लागल्याचा आवाज तीक्ष्ण येतो. लहरींच्या आलेखात दोन्ही आवाजांची सुरुवात धरा, सर्वांत उंच टोक नाही.

सावधान: मोबाइल उचलायला तीन शिट्ट्या झाल्याशिवाय कुणीही रेषा ओलांडायची नाही, एकच धनुर्धर मारत असला तरी.

मोबाइलने मिळतो तो वाटेतला सरासरी वेग. सुटतानाचा वेग १८ मीटरवर याहून साधारण १ टक्का जास्त धरा. म्हणून ५१.९ चे ५२.५.

दोन्ही पद्धतींत किमान ६ बाण मारा. सहा आकड्यांत १ मीटर प्रति सेकंदाहून जास्त तफावत असेल तर यंत्रावर संशय घेण्याआधी क्लिकरकडे पाहा. यंत्र फूट प्रति सेकंदात दाखवत असेल तर ०.३०४८ ने गुणा. १७२ फूट म्हणजे ५२.४ मीटर.

## ७. बाणाची ऊर्जा आणि धनुष्याची कार्यक्षमता

ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वस्तुमान किलोग्रॅममध्ये घ्या, २० ग्रॅम म्हणजे ०.०२०.

०.५ × ०.०२० × ५२.५ × ५२.५ = २७.६ जूल.

परदेशी तक्त्यांत ही फूट-पाउंडमध्ये असते. ग्रेन गुणिले फूट प्रति सेकंदाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. इथे उत्तर २०.३ फूट-पाउंड. १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ जूल, दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर कुठेतरी ग्रेन आणि ग्रॅम मिसळले आहेत.

कार्यक्षमता: २७.६ ÷ ३८.९ = ७१ टक्के. बोटांनी सोडलेल्या रिकर्व्हसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. ९० टक्क्यांवर गेलात तर वेग जास्त किंवा तक्ता कमी मोजलाय. ५५ च्या खाली आलात तर सहाव्या टप्प्यात आवाजाची वजाबाकी राहिली नाही ना ते पाहा. बाण रायझरला (धनुष्याच्या मधल्या भागाला) किंवा रेस्टला (बाण टेकतो त्या आधाराला) घासत जात असेल तरी कार्यक्षमता पडते. व्हेनवर पावडर फासून एक बाण मारला की घासल्याची खूण रेस्टवर उमटते.

## ८. बाणाचं वजन ठरवणं

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज याच टप्प्यात आडवा येतो. हलका बाण जास्त वेगाने जातो हे खरं आहे. त्यावरून हलक्या बाणात जास्त ऊर्जा असते असं धरलं जातं, आणि ते खोटं आहे.

स्ट्रिंग आणि लिंबची टोकंही बाणाबरोबर पुढे धावतात, त्यांनाही ऊर्जा लागते. हे ओझं किती आहे ते तुमच्याच आकड्यांतून निघतं. साठवलेल्या ऊर्जेची दुप्पट, भागिले वेगाचा वर्ग, वजा बाणाचं वस्तुमान.

७७.८ ÷ २७५६ = ०.०२८२ किलो, म्हणजे २८.२ ग्रॅम. वजा २०, राहिले ८.२ ग्रॅम. म्हणजे हे धनुष्य प्रत्येक शॉटला २० नाही, २८.२ ग्रॅम फेकतं. हे ८.२ ग्रॅम बाण बदलला तरी जवळपास तेवढेच राहतात, म्हणून दुसऱ्या वजनाचा अंदाज नवा बाण विकत घेण्याआधीच करता येतो:

| बाण (ग्रॅम) | वेग (मी/से) | ऊर्जा (जूल) | संवेग (किग्रॅ-मी/से) | धनुष्यात उरलेले (जूल) |
|---|---|---|---|---|
| १६ | ५६.७ | २५.७ | ०.९१ | १३.२ |
| २० | ५२.५ | २७.६ | १.०५ | ११.३ |
| २४ | ४९.१ | २९.० | १.१८ | ९.९ |

हलक्या बाणाने वेग वाढला, ऊर्जा घटली, आणि धनुष्यात उरलेला झटका वाढला. हा झटका लिंब, रायझर आणि स्ट्रिंगच्या सर्व्हिंगवर जातो. बाण जितका हलका, तितकं धनुष्य रिकामं सोडण्याच्या जवळ. अनेक कंपाउंड उत्पादक दर पाउंडाला किमान ५ ग्रेन अशी खालची मर्यादा देतात. तुमच्या लिंबच्या कागदावर काय दिलं आहे ते वाचा आणि त्याहून खाली उतरू नका. १६ ग्रॅमचा बाण या धनुष्यावर ७ ग्रेन प्रति पाउंड पडतो. साइट मार्क (नेमाच्या साधनावरची अंतराची खूण) वाढवण्यासाठी क्लबचे जुने लिंब असलेल्या मुलांना याहून हलके बाण देणं आमच्या मते चूक आहे. त्यापेक्षा ४० किंवा ५० मीटरवर राहून जोर वाढू द्यावा.

सावधान: वजन वाढवायला फक्त पॉइंट जड केला तर बाण जास्त वाकतो, म्हणजे स्पाइनने (शाफ्टच्या ताठपणाने) मऊ वागतो. चाचणीत तो रायझरवर आपटला तर मिळालेला वेग वजनाचा नसतो, आपटण्याचा असतो.

तपासा: निदान एका वेगळ्या वजनाचा बाण प्रत्यक्ष मारून पाहा. तक्त्यातला वेग आणि मोजलेला वेग १-२ टक्क्यांत जुळले तर आधीचे सगळे टप्पे बरोबर आहेत. यापेक्षा चांगली तपासणी नाही.

## ९. बटपर्यंत किती उरतं

हवेचा विरोध बाणाच्या छेदावर आणि वेगाच्या वर्गावर वाढतो. ५.५ मिलिमीटर जाडीच्या शाफ्टसाठी विरोध-गुणांक २ धरला, तर आपला २० ग्रॅमचा बाण दर १० मीटरला सुमारे १.४ टक्के वेग गमावतो. ७० मीटरवर तो ४७.५ मीटर प्रति सेकंदाने पोहोचतो आणि त्यात २२.६ जूल उरतात, म्हणजे १८ टक्के वाटेत गेले. ९.३ मिलिमीटरच्या, म्हणजे नियमातल्या सर्वांत जाड शाफ्टचा छेद याच्या २.९ पट. १८ मीटरवर वर्तुळाची रेषा स्पर्शून वरचे गुण मिळवायला तो उपयोगी, ७० मीटरवर नको.

बट बाणाला थांबवतं ते विरोधाचा जोर गुणिले घुसण्याची खोली या हिशोबाने. २७.६ जूलचा बाण १५ सेंटिमीटर घुसला तर सरासरी जोर १८४ न्यूटन, साधारण १९ किलो. आता त्याच बटवर कंपाउंड आणा. ६० पाउंडाचं धनुष्य, ३५० ग्रेनचा बाण, २७० फूट प्रति सेकंद, म्हणजे ७७ जूल. बटचा विरोध तेवढाच राहिला तर खोली ४२ सेंटिमीटर होते. ३० सेंटिमीटरचं बट पार होतं. रिकर्व्हवर वर्षभर टिकलेलं बट पाहून "हे मजबूत आहे" असं कंपाउंडवाल्याला सांगू नये. मधोमध झिजलेल्या बटचा विरोध आणखी कमी असतो, त्यामुळे खोली मध्यावर मोजा, कडेला नाही.

## कंपाउंड आणि बांबू

कंपाउंडला त्रिकोणाची तपासणी लागू होत नाही. जोर लवकर शिखरावर जातो, बराच वेळ तिथे राहतो आणि शेवटी घसरतो. दर ४ नाही, दर २ सेंटिमीटरला आकडे घ्या, नाहीतर घसरणीचा भाग हुकतो. हाताने ओढू नका. चरखीवर, पक्क्या ड्रॉ बोर्डवर करा, कारण परत सोडताना कॅम (टोकावरचं चाक) अचानक ओढून घेतं. वर्ल्ड आर्चरी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत शिखर ६० पाउंडापर्यंतच चालतं, ते याच तक्त्यात दिसतं. जाहिरातीतला वेग मात्र बहुधा ७० पाउंड, ३० इंच आणि ३५० ग्रेन या स्थितीतला असतो. तुमचा ड्रॉ २७ इंच असेल तर तो आकडा कुठल्याच सूत्रात टाकू नका.

इंडियन राउंड या देशी प्रकारातल्या बांबूच्या धनुष्यात तक्ता जवळपास सरळ रेषेत येतो, कधी शेवटी चढ वाढतो. त्यामुळे उत्तर त्रिकोणाइतकं किंवा किंचित कमी आलं तरी घाबरू नका. बांबूच्या बाणांत मात्र वजनाचा फरक मोठा असतो आणि पिसं पावसाळ्यात ओल धरतात. बाण दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवून मगच तोला आणि वजनानुसार गट पाडा. धनुष्य ओढून फार वेळ धरलं तर बांबू मऊ पडतो. इथे प्रत्येक आकड्यासाठी दोन सेकंद पुरेत, आणि दोन फेऱ्यांमध्ये स्ट्रिंग उतरवून पाच मिनिटं थांबा.

वहीतल्या प्रत्येक नोंदीवर तारीख, तापमान, ब्रेस हाइट, स्ट्रिंगचे धागे, बाणाचा क्रमांक आणि लिंब-बोल्टचे फेरे लिहा. यातलं एक जरी बदललं, तर चौथ्या आणि सहाव्या टप्प्याचे आकडे नव्याने घ्यावे लागतात.